परक्या भाषेंतील पत्रोत्तर

(आकाशवाणीच्या नांदेड केंद्रावरून झालेलें भाषण)

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. गोदावरीच्या कांठीं ज्याचा जन्म गेला, मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयाचीं दोन वर्षें काढल्यावर ज्यानें छत्तीस वर्षें नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांतून खडूफळ्याशीं संसार केला, अशा माणसानें स्पेन देशाच्या भाषेंत औपचारिक ई-मेलला उत्तर कसें लिहावें, याविषयीं बोलावें, हें जरा विपरीतच दिसतें. मला स्पॅनिश भाषा येत नाहीं. माझ्या नातीनें परीक्षेची तयारी करतांना जेवढी ती माझ्या कानांवर घातली, तेवढीच माझी पुंजी. परंतु पत्राला उत्तर लिहिण्याची विद्या मात्र मीं आयुष्यभर शिकविली. आणि ती विद्या एकदां माझ्याच हातून चुकली, तेव्हां तिचें मोल मला नव्हे, दुसऱ्याला द्यावें लागलें. ती हकीकत मी पुढें सांगणारच आहें.

प्रथम परीक्षेची ओळख करून देतों. स्पॅनिश ही आज जगांतील पन्नास कोटींच्या जवळपास लोकांची मातृभाषा आहे. स्पेन, मेक्सिको, आर्जेंटिना, पेरू, कोलंबिया असे धरून वीस स्वतंत्र देशांचा कारभार तींत चालतो. या भाषेच्या प्रसारासाठीं स्पेन सरकारनें १९९१ सालीं एक संस्था स्थापन केली आणि ‘डॉन किहोते’ या जगप्रसिद्ध कादंबरीचा कर्ता सेर्वांतेस याचें नांव तिला दिलें. या संस्थेचें एक केंद्र नव्या दिल्लींत आहे. तिच्यामार्फत ‘देले’ नांवाची परीक्षा घेतली जाते व उत्तीर्ण होणारास स्पेनच्या शिक्षणखात्याच्या नांवें प्रमाणपत्र मिळतें. ए-१ पासून सी-२ पर्यंत हिच्या सहा पायऱ्या आहेत. माझी नात बसली ती बी-१ला, म्हणजे खालून तिसऱ्या पायरीला.

या परीक्षेंत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग असून प्रत्येकास २५ गुण असतात. वाचन व लेखन मिळून ५० पैकीं ३० आणि श्रवण व संभाषण मिळून ५० पैकीं ३० मिळाल्यावांचून उमेदवार उत्तीर्ण होत नाहीं. म्हणजे बोलण्यांत कितीहि गुण मिळविले, तरी त्यांनीं लेखनाची उणीव भरून निघत नाहीं. लेखनाला एक तास असतो व त्यांत दोन प्रश्न. पहिल्या प्रश्नांत आलेलें एक पत्र किंवा ई-मेल देतात आणि त्याला १०० ते १२० शब्दांत उत्तर लिहावयास सांगतात. वरच्या पायरीवर, बी-२मध्यें, ध्वनिमुद्रित मजकूर ऐकवून १५० ते १८० शब्दांचें औपचारिक पत्र लिहावयास लावतात.

माझी नात लातुरांत वाढली. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आतां सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हां पुन्हां सोडवावयाच्या, घड्याळ लावून सोडवावयाच्या, आणि चुकलेलें पुन्हां लिहावयाचें, हें त्याचें सार. खेड्यापाड्यांतील शेंकडों मुलांना या अभ्यासानें डॉक्टर व इंजिनियर केलें आहे. त्याविषयीं मला आदरच आहे. पदवी घेऊन ती पुण्यास गेली व तेथें स्पॅनिश शिकूं लागली. हें प्रमाणपत्र मिळालें तर पुढच्या वर्गाचा, आणि त्यायोगें भाषांतराच्या कामाचा, मार्ग मोकळा होणार होता. परीक्षेची फी तिनें लहान मुलांच्या शिकवण्या करून जमविली होती. एकदां गेलेली ती फी पुन्हां जमवावयास तिला वर्ष लागलें असतें.

परीक्षेपूर्वीं दोन महिने ती घरीं आली तेव्हां तिचा चेहरा उतरलेला होता. सरावाच्या पेपरांत तिच्या पत्राला निम्म्याहून कमी गुण पडले होते.

“आबा,” ती मला म्हणाली, “व्याकरणाची एकहि चूक नाहीं. बाईंनींच तसें लिहिलें आहे. मग गुण कां कापले?”

मी म्हणालों, “बाळ, मला तुझी भाषा कळत नाहीं. आलेलें पत्र मला मराठींत सांग, आणि मग तुझें उत्तरहि मराठींत सांग.”

तिनें सांगितलें. सालामांका शहरांतील एका भाषाशाळेच्या चिटणीसबाई उमेदवारास लिहीत आहेत, अशी कल्पना होती. हें सालामांका म्हणजे विद्येचें जुनें माहेरघर. तेथील विद्यापीठ १२१८ सालीं स्थापन झालेलें आहे. पत्राखालीं सही गार्सिया या आडनांवाची. मजकूर असा कीं, उन्हाळी वर्गांतील आपली जागा निश्चित झाली आहे. तरी आपण कोणत्या दिवशीं येणार, आपणांस एखाद्या कुटुंबांत राहावयाचें आहे कीं विद्यार्थिगृहांत, आणि आपल्या आहारांत कांहीं वर्ज्य आहे काय, हें कळवावें. त्याखालीं परीक्षकाची सूचना होती: उत्तरांत अभिवादन करावें, आभार मानावे, विचारलेल्या गोष्टी कळवाव्या, आपणहि वर्गाविषयीं एक प्रश्न विचारावा, आणि शेवटीं निरोप घ्यावा.

मग तिनें आपलें उत्तर सांगितलें. आरंभीं चार सुरेख वाक्यें होतीं. आपलें कृपापत्र पावून अत्यंत आनंद झाला, आपल्या नामांकित शाळेविषयीं मीं पुष्कळ ऐकिलें आहे, स्पॅनिश भाषेच्या गोडीनें मला लहानपणापासून मोहिनी घातली आहे, इत्यादि इत्यादि. हीं वाक्यें तिनें आधींच पाठ केलेलीं होतीं. त्यानंतर येण्याची तारीख आली. मग पुन्हां एक पाठ केलेलें वाक्य, आणि मग निरोप.

मी म्हणालों, “आतां बोटें मोड. चिटणीसबाईंनीं विचारलें काय काय?”

तिनें बोटें मोडलीं. तारीख, राहाणें, आहार. शिवाय तिनें स्वतः विचारावयाचा एक प्रश्न. चार बोटांपैकीं तीन रिकामीं राहिलीं. ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग हळूच म्हणाली, “आबा, शब्द संपले म्हणून थांबलें मी.”

श्रोतेहो, शब्द संपले होते हें खरेंच. पण ते खर्चिले कोठें? १२० शब्दांपैकीं साठसत्तर शब्द कोणीं न विचारलेल्या गोष्टींत गेले होते. त्या बाई जर खरोखरीच्या असत्या, तर पत्र वाचून त्यांनीं भाषेचें कौतुक केलें असतें, आणि या मुलीची खोली कोठें ठेवावी व ताटांत काय वाढावें, हें विचारण्यासाठीं पुन्हां पत्र लिहिलें असतें. ज्या उत्तरानंतर तेंच पत्र पुन्हां लिहावें लागतें, तें उत्तर नव्हे.

आणि येथें मला माझी जुनी चूक आठवली. ही गोष्ट १९८८ सालची. कंधारच्या बाजूस एका वाडीवरच्या शाळेंत मी तेव्हां एकटाच शिक्षक होतों. चौथींत एक मुलगा होता. हिशेबांत एवढा तल्लख कीं, फळ्यावर गणित लिहून होण्याच्या आधीं त्याचें उत्तर तयार असे. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. त्याला शिष्यवृत्ति मिळावी म्हणून मीं अर्ज केला. कांहीं दिवसांनीं कचेरींतून पत्र आलें. त्यांत तीन गोष्टी विचारल्या होत्या: पालकाच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, मुलाच्या शाळाप्रवेशाची तारीख, आणि पालकाच्या अंगठ्यासह संमतिपत्र. मी त्या वेळीं तरुण होतों, आणि आपलें मराठी चांगलें आहे असा मला अभिमान होता. मुलाच्या बुद्धीचें, त्याच्या दारिद्र्याचें आणि सरकारच्या उदारपणाचें वर्णन करणारें दोन पानी उत्तर मीं लिहिलें. क्रमांक दिला, तारीख दिली. संमतिपत्र राहून गेलें. कागद परत आले तोंवर आईबाप कारखान्याच्या फडावर गेले होते. अंगठा आणावयास माणूस पाठवीपर्यंत मुदत टळली. मुलगाहि पुढें त्यांच्याबरोबर फडावर गेला, आणि शाळेंत परत आला नाहीं.

कचेरीचा त्यांत कांहीं दोष नव्हता. तिनें स्पष्ट विचारलें होतें. मीं स्पष्ट सांगितलें नाहीं. त्या दिवसापासून मीं वर्गांत पत्रलेखन शिकवितांना मुलांना एकच मंत्र दिला: आधीं कलमें मोजा, मग लेखणी उचला. आपल्या जुन्या दप्तरांत याला ‘कलमवार उत्तर’ म्हणत असत. स्पॅनिश परीक्षकाच्या सूचनेंत याहून निराळें कांहीं नाहीं.

कलमांची गोष्ट झाली. आतां पत्राच्या पोशाखाकडे वळूं. कारण औपचारिक पत्रांत पोशाखहि पाहिला जातो, आणि स्पॅनिश भाषेंत तर तो विशेष काटेकोर आहे.

पहिली गोष्ट मायना. कोणास कोणत्या शब्दांनीं संबोधावें, हें शास्त्र आपल्या मराठवाड्याला नवें नाहीं. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकांतील मंत्री हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नांवावर चालत आलेलें ‘मेस्तक’ याच प्रकारच्या लेखनव्यवहाराचें आहे. वडिलांना ‘तीर्थरूप’, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थास ‘राजमान्य राजश्री’, हें आमच्या लहानपणीं आम्हांला तोंडपाठ करावें लागे. माझे वडील निजामाच्या राज्यांत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथील कचेऱ्यांतून उर्दूचें राज्य होतें. ते सांगत कीं, उर्दू पत्रांतहि आरंभींच्या ‘अलकाब’ व ‘आदाब’ यांना मजकुराइतकाच मान असे.

स्पॅनिश भाषेंत औपचारिक पत्राचा सर्वसामान्य मायना ‘एस्तिमादो सेन्योर’ असा आहे. ‘एस्तिमादो’ म्हणजे ज्याला मान आहे असा. आपल्या ‘राजमान्य’ शब्दाचा जणूं दूरचा भाऊ. बाईंना लिहावयाचें तर ‘एस्तिमादा सेन्योरा’. कारण मराठींत ‘चांगला’चें ‘चांगली’ होतें, तसेंच तेथें विशेषण लिंगाप्रमाणें बदलतें. पत्र कोण वाचणार हें ठाऊक नसेल तर अनेकवचनीं ‘एस्तिमादोस सेन्योरेस’ लिहितात. ‘केरीदो’, म्हणजे ‘प्रिय’, हा शब्द मित्राला किंवा आप्ताला. चिटणीसबाईंना तो लिहिणें म्हणजे कलेक्टर साहेबांना ‘प्रिय बंडू’ म्हणण्यासारखें होय.

मायन्यापुढें स्वल्पविराम नव्हे, अपूर्णविराम देतात. म्हणजे एकाखालीं एक असे दोन ठिपके. इंग्रजीच्या वाटेनें स्पॅनिशला जाणारे विद्यार्थी येथें हमखास स्वल्पविराम देतात. तसेंच महिन्यांचीं नांवें इंग्रजींत मोठ्या अक्षरानें सुरू होतात, स्पॅनिशमध्यें लहान अक्षरानें. आणि प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटीं तर असतेंच, पण आरंभींहि उलटें करून लिहावें लागतें. स्पेनच्या राजकीय भाषापरिषदेनें १७५४ सालीं हा नियम घातला. त्याचें कारणहि समंजस आहे: लांब वाक्य मोठ्यानें वाचणारास तें प्रश्नार्थक आहे, हें शेवटीं कळून काय उपयोग? परीक्षेंत हें उलटें चिन्ह विसरणें ही अगदीं नेहमींची चूक आहे.

आडनांवाविषयीं एक सावधगिरी. स्पॅनिश माणसाला बहुधा दोन आडनांवें असतात, पहिलें वडिलांचें व दुसरें आईचें. प्रसिद्ध कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या वडिलांचें आडनांव गार्सिया आणि आईचें मार्केस. म्हणून अशा गृहस्थास शेवटचा शब्द आडनांव समजून ‘सेन्योर मार्केस’ म्हणणें बरोबर नाहीं. ‘गार्सिया मार्केस’ असें पुरें लिहावें, किंवा एकच लिहावयाचें तर पहिलें. ‘सेन्योर’ आडनांवापूर्वीं येतो, आणि ‘डॉन’ हा मानाचा शब्द मात्र व्यक्तीच्या नांवापूर्वीं लागतो. आपण माधवाला माधवराव म्हणतों तसा.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तींत मराठी माणसाला देवानें आधींच अर्धे गुण देऊन ठेविले आहेत. स्पॅनिश भाषेंत ‘तू’ला ‘तू’च म्हणतात आणि ‘आपण’ला ‘उस्तेद’. या ‘उस्तेद’ची उत्पत्ति मोठी मौजेची आहे. पूर्वीं तेथील लोक थोरांना ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणत. म्हणजे ‘आपली कृपा’. झिजत झिजत त्या दोन शब्दांचा ‘उस्तेद’ झाला. पण ‘कृपा’ ही तिसरी व्यक्ति. म्हणून तिच्यापुढचें क्रियापद आजहि तृतीय पुरुषांतच चालतें. इंग्रजी शिकलेल्या मुलाला हें चमत्कारिक वाटतें. पण आपण पाहुण्याला ‘पाहुण्यांनीं आधीं पाणी घ्यावें’ म्हणतों, ‘सरकार केव्हां आले?’ असें त्यांनाच विचारतों, तेव्हां दुसरें काय करतों? समोरच्या माणसाला मान द्यावयाचा म्हणून त्याला क्षणभर तिसऱ्याच्या जागीं बसवितों.

म्हणून मीं नातीला सांगितलें कीं, वाक्य इंग्रजींत जुळवून मग स्पॅनिशमध्यें नेऊं नकोस. इंग्रजींत सर्वांना एकच सर्वनाम; तेथें मान कोठें व सलगी कोठें हें शब्दांत दिसत नाहीं. मराठींतून थेट जा. मराठींत जेथें ‘आपण’ म्हणशील तेथें ‘उस्तेद’, जेथें ‘तूं’ म्हणशील तेथें ‘तू’. आणि एकदां ‘आपण’ म्हटल्यावर शेवटपर्यंत ‘आपण’च ठेव. ‘साहेब, आपलें पत्र मिळालें, आतां पुढचें लवकर कळव,’ असें मराठींत लिहिलेलें पाहून आपण कपाळाला हात लावूं. परंतु परीक्षेच्या घाईंत स्पॅनिशमध्यें हाच घोटाळा मुलें सर्रास करतात. मायना आदराचा, मधला मजकूर सलगीचा, आणि शेवट पुन्हां आदराचा. क्रियापद आणि ‘तुझें–आपलें’ हीं षष्ठीचीं रूपें, या दोन ठिकाणीं हा घोटाळा लपून बसतो. पत्र लिहून झाल्यावर नेमकीं तींच तपासावीं.

तिसरी गोष्ट मागणी करण्याची रीति. कोणाला कांहीं पाठवावयास सांगावयाचें तर मराठींत तीन पायऱ्या आहेत: ‘पाठवा’, ‘पाठवाल काय?’ आणि ‘पाठविल्यास आभारी होईन’. औपचारिक पत्रांत तिसरीच शोभते. स्पॅनिशमध्येंहि तसेंच. ‘मला हवें आहे’ असें रोखठोक न म्हणतां ‘कीसिएरा’ म्हणजे ‘मी इच्छीन’, ‘मे गुस्तारीआ’ म्हणजे ‘मला आवडेल’ अशीं संकेतार्थी वळणें घेतात. आणि ‘पाठविल्यास आभारी होईन’ याचें थेट रूपहि त्या भाषेंत आहे. असें एक वाक्य पत्रांत शुद्ध लिहिलें कीं, उमेदवाराला व्याकरणहि येतें आणि रीतहि कळते, हें परीक्षकाला एकदमच दिसतें.

चौथी गोष्ट समाप्ति. आपण ‘कळावें, लोभ असावा’ म्हणतों. तेथें ‘आतेंतामेंते’ म्हणजे ‘आदरपूर्वक’, किंवा ‘उन कोर्दियाल सालूदो’ म्हणजे ‘मनःपूर्वक नमस्कार’ लिहितात. स्नेह्यांच्या पत्राशेवटीं स्पॅनिश लोक ‘एक आलिंगन’ आणि ‘चुंबनें’ अशा गोष्टीहि खुशाल लिहितात. नातीनें हें सांगितलें तेव्हां आमच्या घरांत पुष्कळ हंसूं झालें. पण चिटणीसबाईंना आलिंगन देण्याचें कारण नाहीं. आदराचा नमस्कार पुरे.

आतां या सर्व गोष्टी एकत्र केल्या म्हणजे उत्तर कसें दिसतें, तें पाहा. नातीनें दुसऱ्या वेळीं जें लिहिलें, त्याचें मराठी रूप मी वाचून दाखवितों.

“आदरणीय सेन्योरा गार्सिया: आपला ३ जूनचा ई-मेल मिळाला. जागा निश्चित झाल्याचें कळविल्याबद्दल मी आपली आभारी आहें. आपण विचारलेल्या गोष्टी पुढें कळवितें. प्रथम, मी १ जुलैस सायंकाळीं सालामांकास पोंचेन. दुसरें, मला एखाद्या कुटुंबांत राहावयास आवडेल. त्यामुळें घरगुती बोलणें रोज कानांवर पडेल. आहाराविषयीं सांगावयाचें तर, मी मांस व मासे खात नाहीं. दूध व अंडीं चालतात. तसेंच मला एक गोष्ट विचारावयाची आहे. वर्गाचीं पुस्तकें शाळेकडून मिळतात, कीं तीं आधीं विकत घ्यावीं लागतात? याविषयीं कळविल्यास मी आभारी होईन. आपल्या उत्तराची वाट पाहत आहें. आदरपूर्वक,” आणि खालीं पूर्ण नांव.

यांत अलंकार नाहीं. पण चिटणीसबाईंना पुन्हां कांहीं विचारावें लागणार नाहीं. कोणत्या पत्राचें उत्तर, हें पहिल्याच वाक्यांत आलें. प्रत्येक कलमाला एक वाक्य मिळालें. ‘प्रथम’, ‘दुसरें’, ‘तसेंच’ या शब्दांनीं वाचणाराला वाट दाखविली. स्पॅनिशमध्येंहि असे जोडशब्द आहेत, आणि त्यांच्या योग्य उपयोगाला परीक्षक गुण देतात. आहाराविषयीं नुसतें ‘मी शाकाहारी’ असें न लिहितां काय चालतें व काय चालत नाहीं हें सांगितलें, कारण एका देशांतील शाकाहार दुसऱ्या देशांत तसाच समजला जाईल असें नाहीं.

वेळेची वांटणीहि आम्हीं ठरविली. एका तासांत दोन प्रश्न. तेव्हां या पत्राला पंचवीस मिनिटें. पहिलीं पांच मिनिटें लेखणी खालीं ठेवून आलेलें पत्र वाचावयाचें आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर आंकडा घालावयाचा. पुढचीं पंधरा मिनिटें लिहावयाचें. शेवटचीं पांच तपासणीचीं: आंकडे सगळे आले काय, ‘आपण’ शेवटपर्यंत टिकला काय, उलटें प्रश्नचिन्ह घातलें काय, आणि शब्द मर्यादेंत आहेत काय.

दोन महिने तिनें हाच क्रम ठेविला. लातूर पॅटर्न तिनें सोडला नाहीं. फक्त पाठांतराची जागा बदलली. रोज एक पत्र, घड्याळ लावून, पूर्वींच्याच चिकाटीनें. पाठ करावयाचे ते मायने आणि समाप्तीचे शब्द. कारण ते कोणत्याहि पत्रांत तेच राहतात. मधला मजकूर मात्र पाठ करून आणावयाचा नाहीं, कारण तो पत्र पाठविणाराच्या प्रश्नांवर अवलंबून असतो. परीक्षेस जातांना सचखंड एक्सप्रेसनें तिनें नांदेडहून दिल्लीची वाट धरली, तेव्हां मी फलाटावर तिला एवढेंच म्हणालों, “बोटें मोडावयास विसरूं नकोस.” या परीक्षेचा निकाल कांहीं महिन्यांनीं लागतो. तो लागला तेव्हां ती उत्तीर्ण झाल्याचें कळलें. पुढच्या वर्गांत ती आतां शिकत आहे.

आपणांपैकीं बहुतेकांना स्पॅनिशमध्यें पत्र लिहिण्याचा प्रसंग कधीं येणारहि नाहीं. पण तहसिलीचें पत्र येतें, बँकेचें येतें, मुलाच्या शाळेचें येतें, पीकविम्याचें येतें. दहावीच्या मराठीच्या नव्या पुस्तकांतहि पत्रलेखन ई-मेलच्या धर्तीवर शिकवितात. तेव्हां कागद जाऊन पडदा आला म्हणून ही विद्या जुनी झाली असें कोणीं समजूं नये. उलट ई-मेलला उत्तर देणें इतकें सोपें झालें आहे कीं, पत्र पुरतें वाचण्यापूर्वींच बोट उत्तराकडे धांवतें. अशा वेळीं एक क्षण थांबावें. समोरच्यानें काय काय विचारलें आहे तें मोजावें. त्याला योग्य तो मान द्यावा, आणि विचारलें तेवढें सगळें सांगावें. आपल्या एका पत्रोत्तरावर कोणाचें शिक्षण, कोणाचा दाणागोटा, कोणाचें औषधपाणी अडकलेलें असतें, हें लिहितांना आपणांस दिसत नाहीं. मला तें १९८८ सालीं दिसलें नाहीं. त्या मुलाचीं गणितें अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.